हिप रिप्लेसमेंटनंतर कुत्र्याचे एक्स-रे परत परत का काढायचे, आणि '३ मिमी खाली बसलाय' याचा अर्थ काय

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, आधी तो नीट मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. ब्रूनो, ५ वर्षांचा जर्मन शेफर्ड, उजव्या खुब्याचं सिमेंटलेस हिप रिप्लेसमेंट होऊन ७ आठवडे झालेत, चालतोय छान, पायावर पूर्ण भार टाकतोय. सहाव्या आठवड्यात एक्स-रे काढला, त्याच्या रिपोर्टात लिहून आलंय की स्टेम (मांडीच्या हाडात घातलेला धातूचा दांडा) साधारण ३ मिमी खाली बसलाय आणि कपच्या (कमरेच्या हाडात बसवलेली वाटी, जिच्यात स्टेमवरचा बॉल फिरतो) तळाशी झोन २ मध्ये बारीक काळी रेघ दिसतेय, ६ आठवड्यांनी परत एक्स-रे काढावा. आणि तुम्ही विचारताय की ऑपरेशन फेल जातंय का, आणि कुत्रा इतका मस्त चालत असताना त्याला परत गुंगी द्यायची, परत रेडिएशन द्यायचं, हे खरंच गरजेचं आहे का.

मी प्राण्यांच्या हाडांची ऑपरेशनं करते, हिप रिप्लेसमेंट पण करते, आणि दुसरीकडे झालेल्या केसेसचे फॉलोअपचे एक्स-रे माझ्याकडे मत घ्यायला येतात ते पण बघते, त्यामुळे हा प्रश्न मला नेहमी येतो. ब्रूनोच्या फिल्म (म्हणजे एक्स-रे) मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे 'सगळं ठीक आहे' असं मी इथून सांगू शकत नाही आणि कुणी सांगितलं तर ऐकू पण नका. पण विचार कसा करायचा ते सांगते.

तुम्ही '३ मिमी म्हणजे वाईट का' असं विचारलंय, पण खरा प्रश्न असा आहे की स्टेम बसायचा तेवढा बसून थांबलाय की अजून सरकतोय. आणि याचं उत्तर सहाव्या आठवड्याच्या एका फिल्ममध्ये नसतंच. ते ऑपरेशनच्या दिवशीची फिल्म, सहाव्या आठवड्याची फिल्म आणि आता पुढची येणारी फिल्म, या तिन्ही शेजारी शेजारी ठेवल्यावर मिळतं. तुमच्या सर्जननी ६ आठवड्यांनी परत बोलावलंय ते यासाठीच, आणि मी त्यांच्या जागी असते तर मी पण तेच केलं असतं.

आता '३ मिमी खाली बसला' हे होतं कसं ते समजून घ्या, म्हणजे भीती थोडी कमी होईल. सिमेंटलेस स्टेम मांडीच्या हाडाच्या पोकळीत नुसता घट्ट ठोकून बसवलेला असतो, त्याला चिकटवायला काही नसतं. त्याच्या वरच्या भागाचा पृष्ठभाग खडबडीत, सच्छिद्र असतो, आणि त्या छिद्रांमध्ये हाड वाढून शिरलं की तो कायमचा धरला जातो. याला साधारण दोन-तीन महिने लागतात. तोपर्यंत कुत्रा चालतो, उठतो, बसतो, प्रत्येक पावलाला स्टेमवर भार येतो आणि तो अजून घट्ट जागा मिळेपर्यंत किंचित खाली जाऊ शकतो. म्हणजे या प्रकारच्या स्टेमचं पहिल्या काही आठवड्यांत थोडं बसणं अपेक्षितच असतं, सर्जन ते धरूनच चालतात. बसून थांबला की हाड आत वाढतं. थांबला नाही तर हाड वाढत नाही, कारण हाडाला वाढायला स्थिर जागा लागते. ८०च्या दशकात कुत्र्यांमध्येच सच्छिद्र इम्प्लांट बसवून याचा अभ्यास झालेला आहे, आणि त्यात असं दिसलं की हालचाल साधारण १५० मायक्रॉन किंवा त्याहून जास्त असेल तर छिद्रांमध्ये हाडाऐवजी तंतुमय टिश्यू भरतो. १५० मायक्रॉन म्हणजे ०.१५ मिमी. डोळ्याला दिसणार पण नाही इतकी हालचाल, म्हणून तर आम्ही 'पट्ट्यावरच फिरवा, उड्या नको, गुळगुळीत फरशीवर पळू देऊ नका' हे इतकं घोकत बसतो. कुत्रा बरा झालाय असं वाटायला लागतं नेमकं तेव्हाच हे सगळ्यात महत्त्वाचं असतं.

जर्मन शेफर्ड आहे म्हणून एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. मांडीचं हाड आतून कसं आहे यावर स्टेम किती बसणार ते बरंच अवलंबून असतं. काही कुत्र्यांचं हाड वर रुंद आणि खाली झपकन निमुळतं होणारं असतं, नरसाळ्यासारखं, त्यात स्टेम थोडा खाली गेला की लगेच अडकतो. काहींचं वरपासून खालपर्यंत जवळजवळ एकाच रुंदीचं, नळकांड्यासारखं असतं, त्यात अडकायला काही मिळत नाही. हे मोजता येतं: हाडाच्या पोकळीची वरची रुंदी भागिले सगळ्यात अरुंद जागेची रुंदी, हे गुणोत्तर १.८ किंवा त्याच्या खाली असेल तर आम्ही ते हाड नळकांड्याच्या प्रकारात धरतो आणि जास्त सावध राहतो. जर्मन शेफर्डमध्ये हा प्रकार बऱ्यापैकी दिसतो. म्हणून सर्जनना विचारा की ब्रूनोच्या हाडाचं हे गुणोत्तर किती होतं, आणि स्टेमनी पोकळी किती भरलीये. पोकळी चांगली भरलेली असेल आणि हाड निमुळतं असेल तर ३ मिमीकडे मी निवांत नजरेनं बघते, आणि नळकांडं हाड, त्यात स्टेम थोडा छोटा वाटतोय, असं असेल तर तोच ३ मिमीचा आकडा मला जास्त काळजीचा वाटतो. आकडा तोच, पण अर्थ वेगळा.

इम्प्लांट कुठल्या पद्धतीचं आहे यावर पण आहे. काही स्टेमना कॉलर असते जी हाडाच्या कापलेल्या कडेवर टेकते, काहींना बाहेरच्या बाजूनं एक बोल्ट टाकून खाली जाण्यापासून अडवलेलं असतं. झुरिक पद्धतीचा स्टेम हाडाच्या आतल्या भिंतीला स्क्रूनं धरलेला असतो, त्यात असं बसणं अपेक्षितच नसतं, तिथे आम्ही स्क्रू तुटलाय का, ढिला झालाय का ते बघतो. सिमेंटवाल्यात, म्हणजे स्टेम हाडात सिमेंटनं पक्का केलेला असतो त्यात, तर स्टेम खाली गेला म्हणजे गंभीरच. त्यामुळे कुणी दुसऱ्या कुत्र्याचा अनुभव सांगितला की 'आमच्याकडे पण खाली बसला होता आणि काही झालं नाही', तर आधी इम्प्लांट कुठलं होतं ते विचारा.

आता मोजमापाबद्दल, आणि इथे मी जरा वेळ घेणार आहे कारण बहुतेक गोंधळ इथेच होतो.

स्टेम किती खाली गेला हे साधारण असं मोजतात की मांडीच्या हाडाचं बाहेरच्या बाजूचं वरचं टोक, ज्याला ग्रेटर ट्रोकँटर म्हणतात, तिथपासून स्टेमच्या खांद्यापर्यंतचं (त्याच्या वरच्या, बाहेरच्या कोपऱ्यापर्यंतचं) अंतर पहिल्या फिल्मवर आणि आताच्या फिल्मवर मोजायचं, आणि वजाबाकी करायची. ऐकायला सोपं आहे. पण एक्स-रे ही सावली आहे, आणि मांडीचं हाड टेबलाला समांतर नसेल तर सावली आखूड पडते. समजा खरं अंतर २० मिमी आहे आणि मांडी २५ अंश उचललेली आहे, तर चित्रात ते साधारण १८ मिमी दिसेल. ऑपरेशनच्या दिवशी सांधा सुजलेला, स्नायू ताणलेले, सर्जन पण नव्या सांध्यावर जोर देऊन पाय सरळ ताणत नाहीत आणि ताणू पण नये, त्यामुळे त्या दिवशीच्या फिल्ममध्ये मांडी हमखास थोडी उचललेली असते. सहा आठवड्यांनी कुत्रा मोकळा झालेला असतो, पाय छान सरळ होतो, अंतर आपोआप मोठं दिसतं. म्हणजे स्टेम जागचा हलला पण नसेल तरी कागदावर दोन मिमी 'खाली बसला' असं येऊ शकतं. आणि ट्रोकँटरचं टोक आणि स्टेमचा खांदा एका पातळीत नसतात, पुढेमागे असतात, त्यामुळे पाय आतबाहेर वळलेला असेल तर अजून फरक पडतो.

दुसरं म्हणजे मॅग्निफिकेशन. कुत्र्याचं हाड डिटेक्टरपासून थोडं लांब असतं म्हणून चित्र खऱ्यापेक्षा मोठं येतं, आणि किती मोठं हे कुत्र्याच्या जाडीवर आणि मशीनच्या उंचीवर ठरतं. यासाठी शेजारी ठरलेल्या मापाचा गोळा किंवा पट्टी ठेवून फिल्म काढायची असते. नसेल ठेवली तरी एक उपाय आहे जो मी कायम वापरते: इम्प्लांटचा बॉल. त्याचं माप ऑपरेशनच्या नोंदीत लिहिलेलं असतं, आणि गोळा असल्यामुळे कुठूनही फिल्म काढली तरी तो गोलच दिसतो. समजा बॉल १७ मिमीचा आहे आणि स्क्रीनवर तो १८.५ मिमी येतोय, म्हणजे चित्र जवळजवळ ९ टक्के मोठं आहे, सगळी मापं त्या हिशोबानं कमी करायची. दोन्ही फिल्मवर हे केलं की निदान मापं एका पट्टीवर येतात. पण मांडी उचललेली असण्याची चूक यानं जात नाही, ती फक्त पोझिशन नीट घेऊनच जाते.

म्हणून माझा आग्रह असतो की फक्त पाठीवर झोपवून काढलेल्या पेल्विसच्या (कमरेच्या हाडांच्या) फिल्मवरून स्टेमचं माप घेऊ नये, मांडीच्या हाडाची वेगळी फिल्म काढावी, हाड डिटेक्टरला समांतर ठेवून, शक्य असेल तर एक्स-रेचा झोत आडवा सोडून. तुमच्या सर्जनना हे विचारायला लाजू नका की दोन्ही वेळेला मांडीची स्वतंत्र फिल्म होती का आणि माप कुठून कुठे घेतलंय. कुठलाही चांगला सर्जन यावर चिडणार नाही.

मिमीच्या पलीकडे जाऊन मी अजून तीन गोष्टी बघते आणि खरं सांगायचं तर त्या मला जास्त महत्त्वाच्या वाटतात. पहिली, स्टेम खाली जाताना वळलाय का. सरळ खाली गेला तर ठीक, पण खाली जाता जाता मागच्या दिशेला फिरला तर बॉलची दिशा बदलते आणि सांधा निखळायचा धोका वाढतो. दुसरी, हाडाला तडा आहे का, विशेषतः आतल्या बाजूला वरती, किंवा तडा गेला असेल तर तिथे नवीन हाडाचा थर दिसायला लागलाय का, कारण स्टेम अचानक जास्त खाली जाण्यामागे पुष्कळदा बारीक तडा असतो जो ऑपरेशनच्या दिवशी दिसला नव्हता किंवा घरी आल्यावर एका घसरण्यात झाला. तिसरी, बॉल कपच्या बरोबर मध्यभागी बसलेला आहे का.

इथपर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर सिमेंटलेस स्टेम पहिल्या आठवड्यांत थोडा बसतो, ३ मिमी हा आकडा एकटा मला घाबरवत नाही, पण तो आकडा खरा आहे का ते तपासा, स्टेम वळलाय का आणि तडा आहे का ते विचारा, आणि पुढच्या फिल्मची वाट बघा.

आता काळी रेघ. एक्स-रेत हाड आणि धातू पांढरे दिसतात, मधे काळी रेघ म्हणजे तिथे हाड टेकलेलं नाही. रिपोर्टातले झोन माणसांच्या ऑर्थोपेडिक्समधून आलेत, कपसाठी तीन झोन १९७६ मध्ये डीली आणि चार्नली यांनी मांडले आणि स्टेमसाठी सात झोन १९७९ मध्ये ग्रुएन आणि सहकाऱ्यांनी, त्यामुळे प्रत्येक वेळी 'रेघ कुठे आहे' हे एकाच भाषेत लिहिता येतं. झोन २ म्हणजे कपचा मधला, तळाचा भाग. सिमेंटलेस कप कडेनं घट्ट अडकवून बसवतात, त्यामुळे तळाशी थोडी पोकळी राहून जाणं अगदी नेहमीचं आहे, ती हळूहळू काही महिन्यांत हाडानं भरते. तर मी काय बघणार: ही रेघ ऑपरेशनच्या दिवशीच्या फिल्ममध्ये होती का? होती आणि आता तेवढीच किंवा बारीक झालीये, तर मी शांत झोपते. नव्हती आणि आता आलीये, किंवा तळापासून सुरू होऊन कडेपर्यंत पसरतेय, रुंद होतेय, तर मात्र कप धरलेला नाही असा संशय घ्यायला लागतो. तुमच्या रिपोर्टात ही तुलना लिहिलेली नाही, ती मागून घ्या.

कपचा कोन पण मोजायला सांगा. कपचं तोंड बाहेरच्या बाजूला किती उघडं आहे याचा कोन असतो, सर्जन साधारण ३५ ते ४५ अंशांच्या आसपास ठेवायला बघतात. फार उघडा असेल तर बॉल वरच्या बाजूला निसटायचा धोका, फार बंद असेल तर खालच्या बाजूला. ऑपरेशननंतर ४२ होता आणि आता ५० आला तर कप हलला असं म्हणायच्या आधी पेल्विस सरळ होता का ते बघायचं. पेल्विसमध्ये खाली दोन मोठी भोकं दिसतात, ती दोन्ही बाजूंना सारख्या आकाराची दिसत असतील तर कुत्रा सरळ झोपवलेला आहे, एक मोठं एक छोटं असेल तर तिरका आहे आणि त्या फिल्मवर मोजलेल्या कोनावर विसंबता येत नाही. पेल्विस सरळ असताना कोन खरंच बदललाय, असं असेल तर तो कप ढिला आहे, मग कुत्रा कितीही छान चालू दे.

(सिमेंटवाले कोणी हे वाचत असतील तर: तुमच्याकडे रेघ बघायची ती सिमेंट आणि हाडाच्या मधे. सिमेंट मुळात एक्स-रेत दिसत नाही, त्यात बेरियम सल्फेट मिसळलेलं असतं म्हणून पांढरं दिसतं. प्लास्टिकचा कप पण दिसत नाही, त्याची दिशा कळावी म्हणून त्यात तार बसवलेली असते. रेघ २ मिमीपेक्षा रुंद असेल किंवा दर वेळी वाढत असेल तर ढिलेपणाचा विचार करायचा. सिमेंटचं दुखणं पुष्कळदा उशिरा सुरू होतं, काही वर्षांनी, त्यामुळे वर्षाचा एक्स-रे तुम्ही तर अजिबात चुकवू नका.)

मग 'कुत्रा मस्त चालतोय' याचं काय? मला ते ऐकून आनंदच होतो, आणि आम्ही चालण्याला खूप महत्त्व देतो, मांडीचा घेर मोजतो, सांधा किती वळतो ते बघतो. पण ब्रूनोचा जुना सांधा झिजून दुखत होता आणि आता ती दुखरी हाडंच एकमेकांवर घासत नाहीत, त्यामुळे तो पहिल्यापेक्षा चांगला चालणारच, आतला स्टेम हळूहळू सरकत असला तरी. कुत्री दुखणं दाखवायला पण फार वेळ लावतात. नेहमीच्या तपासणीला आलेल्या, अगदी नीट चालणाऱ्या कुत्र्याच्या फिल्ममध्ये ढिला झालेला कप किंवा स्टेम सापडतो, आणि तेव्हा सापडला तर दुरुस्त करायला हाड शिल्लक असतं. लंगडायला लागल्यावर कळलं तर तोवर हाड बरंच खाल्लं गेलेलं असू शकतं आणि मग पर्याय कमी होतात. उलटं पण होतं: कुत्रा लंगडतोय आणि खुब्याची फिल्म एकदम छान. मग दुसरा खुबा, गुडघ्याचं लिगामेंट, मांडीच्या पुढच्या बाजूचा इलिओसोआस स्नायू, किंवा कंबरेचा मणका, हे सगळं तपासावं लागतं. जर्मन शेफर्डमध्ये मणक्याचा भाग तर विसरायचाच नाही.

किती वेळा काढायचे यावर सगळे सर्जन एकमत नाहीत, पण माझ्याकडे असं असतं. पहिली फिल्म ऑपरेशन संपल्या संपल्या, कुत्रा भुलीखाली असतानाच, कारण काही चुकलं असेल तर तिथेच दुरुस्त करता येतं आणि पुढच्या सगळ्या तुलनेचा पाया तीच असते. मग ६ ते ८ आठवड्यांनी, यावर फिरणं वाढवायचं की नाही ते ठरतं. इथे सगळं जागच्या जागी असेल तर काही सर्जन थेट वर्षावर जातात, पण काही शंका असेल तर, जशी ब्रूनोच्या बाबतीत आहे, ३ महिन्यांच्या आसपास एक मधली फिल्म हवीच. मग एक वर्ष, आणि त्यानंतर मी तरी दर वर्षी बोलावते, जमलंच नाही तर निदान दोन वर्षांतून एकदा. वर्षाच्या फिल्ममध्ये हाड बदललेलं दिसतं, स्टेमच्या टोकाशी जाड होतं आणि वरच्या भागात थोडं विरळ होतं, कारण भार आता स्टेममधून खाली जातो. ते बघून नवे मालक घाबरतात पण हळूहळू होऊन थांबलेलं असेल तर ते हाडानं जुळवून घेतलेलं असतं. मांडीच्या हाडाच्या पोकळीत कधी कधी ठिपक्याठिपक्यांसारखे पांढुरके भाग दिसतात, तिथला रक्तपुरवठा तुटल्याची ती खूण असू शकते, बहुतेक कुत्र्यांना त्याचा काही त्रास नसतो पण लक्ष ठेवावं लागतं, कारण क्वचित, फार क्वचित, इम्प्लांटजवळच्या हाडात कॅन्सर झाल्याच्या नोंदी आहेत.

इन्फेक्शनबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. एक्स-रेत इन्फेक्शन आणि नुसता ढिलेपणा यांतला फरक नेहमी ओळखता येत नाही. रेघ झपाट्यानं रुंद झाली, सगळीकडे पसरली, हाडाच्या बाहेरच्या कडेला खरखरीत नवीन हाड आलं, तर इन्फेक्शनचा संशय जास्त, पण खात्री करायला सांध्यातलं पाणी काढून तपासावं लागतं, कल्चर करावं लागतं, म्हणजे त्यातले जंतू वाढवून बघावे लागतात. नुसत्या फिल्मवर अँटिबायोटिक सुरू करून बसलं तर कल्चरमध्ये काही उगवत नाही आणि मग महिनोन्महिने अंधारात चाचपडत बसावं लागतं. आणि एरवी पण ब्रूनोच्या कातडीची, दातांची, लघवीची इन्फेक्शन अंगावर काढू नका, जंतू रक्तातून इम्प्लांटपर्यंत जाऊ शकतात, हे आयुष्यभराचं आहे. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांकडे गेलात तर खुब्यात इम्प्लांट आहे हे सांगायचं.

गुंगीची काळजी मला समजते. पण जागं ठेवून काढलेली फिल्म जवळजवळ निरुपयोगी असते, वर मोजमापाचं जे सांगितलं ते आठवा, कुत्र्यानं पाय आखडला की सगळी मापं गेली. शिवाय दोन माणसांनी धरून पाय ओढायचा म्हणजे नव्या सांध्याला धोका आणि त्या माणसांना दरवेळी रेडिएशन. आम्ही साधारण डेक्समेडेटोमिडीन आणि ब्युटोर्फेनॉल असं काही देतो, काम झालं की डेक्समेडेटोमिडीनचा असर उतरवायचं अटिपामेझोल इंजेक्शन असतं, कुत्रा थोड्या वेळात उठून चालायला लागतो. हृदयाचा त्रास असेल, वय जास्त असेल तर औषधं बदलतात, म्हणून आधीच्या तपासण्या सोबत न्या, आणि उपाशी किती वेळ ठेवायचं ते त्यांना विचारूनच ठेवा. रेडिएशनचं म्हणाल तर वर्षातून एक-दोनदा तीन-चार फिल्म, एवढ्यानं ब्रूनोला होणारा धोका नगण्य आहे, सरकत असलेला स्टेम न कळण्याचा धोका त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

आता पुढचे ५-६ आठवडे काय करायचं. पट्टा सोडू नका, घरात सुद्धा सुटा सोडून पळू देऊ नका, गुळगुळीत फरशीवर रबरी मॅट किंवा सतरंजी घाला, जिने आणि सोफा बंद, दुसरा कुत्रा असेल तर दंगामस्ती बंद. वजन वाढू देऊ नका. फिजिओ चालू असेल तर त्यांना हा रिपोर्ट दाखवा, व्यायाम वाढवायचा निर्णय सर्जननी घ्यायचा. आणि दोन्ही वेळच्या फिल्म मूळ डायकॉम फॉर्मॅटमध्ये (एक्स-रे मशीनच्या मूळ फाईल) मागून घ्या, मोबाईलवर काढलेला स्क्रीनचा फोटो नको, त्यावर काही मोजता येत नाही. दुसरं मत घ्यायचं असेल तर याच फाईल, इम्प्लांटचं नाव, स्टेमचं आणि बॉलचं माप, आणि ऑपरेशनची नोंद, ज्यात हाडाला तडा गेला होता का, तार बांधली होती का हे असतं, एवढं पाठवा.

पुढच्या फिल्ममध्ये माप ३ च्या आसपासच राहिलं, वळलेलं नाही, कपची रेघ तेवढीच किंवा कमी, तर स्टेम बसून थांबलाय, हळूहळू फिरणं वाढवता येईल, आणि मग वर्षाची फिल्म. तेच ५-६ मिमी झालं किंवा वळलेलं दिसलं तर बसून बोलायची वेळ, अशा वेळी मी सीटी स्कॅनचा विचार करते म्हणजे वळणं आणि तडा नीट दिसतो. त्यानंतरचे पर्याय हाडावर ठरतात: अजून काही आठवडे कडक विश्रांती देऊन बघणं, तार किंवा बोल्टनी धरणं, मोठ्या मापाचा स्टेम घालणं. सगळंच काढून टाकावं लागणं हा शेवटचा पर्याय, तिथपर्यंत फार थोड्या केसेस जातात, आणि त्यातही बरेच कुत्रे नंतर चालतात, फिरतात.

एका गोष्टीसाठी मात्र ठरलेल्या तारखेची वाट बघायची नाही. ब्रूनो अचानक पाय उचलून तीन पायांवर यायला लागला, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला, उठताना किंचाळला, मांडी सुजली किंवा जखमेतून काही वाहायला लागलं, तर त्याच दिवशी एक्स-रे. निखळलेला सांधा लवकर हातात आला तर दुरुस्त करायला सोपा जातो, आणि तडा गेला असेल तर तो सरकायच्या आत धरता येतो, दोन दिवस 'मुरगळला असेल, बघू' म्हणून थांबलं की तेवढ्यात स्नायू आखडतात आणि काम अवघड होतं. रात्र असेल तर घरच्या घरी पाय ओढून बघू नका, दुखण्याची माणसांची गोळी देऊ नका, त्याला छोट्या जागेत शांत ठेवा आणि सर्जनना फोन करा. पुढच्या फिल्मचं माप आलं की दोन्ही आकडे आणि बॉलचं माप इथेच लिहा, मी बघून सांगते.